आडमुठे शब्द आणि पत्त्यांचा डाव

देवनागरींत वाचावयास शिकलेल्या मुलाच्या मनांत अक्षरांविषयीं एक भरंवसा बसलेला असतो. अक्षर जसें दिसतें तसेंच बोलतें. सोमवारीं एक आणि शनिवारीं दुसरें असें तें कधीं करीत नाहीं. 'क' ला काना दिला कीं 'का', पहिली वेलांटी दिली कीं 'कि', हा नेम कोणत्याही पुस्तकांत मोडत नाहीं. हा भरंवसा बरोबर घेऊनच तें मूल पहिल्या इंग्रजी पुस्तकाकडे वळतें. 'कॅट', 'पेन', 'हेन' येथपर्यंत सारें सुरळीत चालतें. मग एखाद्या पानावर एस-ए-आय-डी अशीं चार अक्षरें पुढें येतात. मूल तीं जुळवून 'सैद' असें वाचतें. आई म्हणते, "सैद नाहीं रे, सेड." मूल विचारतें, "मग त्यांत 'ए' आणि 'आय' कशाला घातलेत?" या प्रश्नाला सुशिक्षित घरांतही बहुधा एकच उत्तर मिळतें : "इंग्रजींत तसेंच असतें. पाठ कर."

उत्तर खोटें नाहीं, पण अपुरें आहे. आणि त्याचा भुर्दंड मुलाला पडतो. पूर्वीं महाराष्ट्रांतील मराठी शाळांतून इंग्रजीचा आरंभ पांचव्या इयत्तेंत होत असे. दहा वर्षांचें मूल शंभर-दोनशें शब्द घोकून टाकूं शकतें, आणि न समजलेल्या गोष्टी निमूटपणें बाजूस ठेवण्याची त्याला संवयही झालेली असते. सन २००० पासून पहिल्या इयत्तेंतच इंग्रजी सुरू होतें. इंग्रजी माध्यमाच्या शाळांतून तर त्याहूनही आधीं, बालवर्गांत, वाचनाला हात घातला जातो. सहा वर्षांच्या मुलाला नुसतें 'पाठ कर' म्हणणें म्हणजे ओंजळींत पाणी धरून शाळेपर्यंत ने म्हणण्यासारखें आहे. रात्रीं पाठ झालेलें सकाळीं निसटतें, पुन्हां विचारलें कीं चुकतें, आणि वयाच्या सातव्या वर्षींच "याचें इंग्रजी कच्चें आहे" असा निकाल चार माणसांत सांगितला जातो. मूल तो ऐकत असतें, आणि मोठ्यांना वाटतें त्यापेक्षां पुष्कळ अधिक लक्षपूर्वक ऐकत असतें.

वस्तुतः दोष मुलाचा नसून बऱ्याच अंशीं इंग्रजीच्या लिखाणाचा आहे. सेमूर आणि त्यांचे सहकारी यांनीं युरोपांतील निरनिराळ्या भाषा वाचावयास शिकणाऱ्या मुलांची तुलना २००३ मध्यें प्रसिद्ध केली. शाळेचें पहिलें वर्ष संपण्याच्या सुमारास फिनिश, ग्रीक, इटालियन आणि स्पॅनिश मुलें परिचित शब्दांपैकीं शेंकडा ९० हून अधिक शब्द बरोबर वाचीत होतीं. इंग्रजी वाचणारीं स्कॉटलंडमधील मुलें अवघे ३४. इंग्रजी ज्यांच्या देशाचीच भाषा त्यांची ही अवस्था. मग दादरच्या किंवा नागपूरच्या मुलाला थोडा अधिक वेळ लागला तर त्यांत नवल तें काय?

ही विसंगति आली कोठून? विल्यम कॅक्स्टन यानें १४७६ मध्यें वेस्टमिन्स्टर येथें इंग्लंडमधील पहिला छापखाना घातला. छापखाना आला कीं लिखाण हळूहळू गोठूं लागतें. जिभेला तें बंधन नसतें. नेमकें त्याच काळांत, सुमारें पंधराव्या शतकापासून सतराव्या शतकापर्यंत, इंग्रजींतील दीर्घ स्वरांचे उच्चार आपल्या जागा सोडून सरकत गेले. शब्द लिहिले गेले जुन्या उच्चाराप्रमाणें आणि बोलले जाऊं लागले नव्या. सरदार या अर्थाच्या 'नाइट' शब्दांतील आरंभींचा 'के' आणि मधले 'जी-एच' एके काळीं खरोखरच उच्चारले जात असत. आज ते ओसाड वाड्यांतील दिंडी-दरवाजांसारखे नुसतेच उभे आहेत. 'सेड' मधील 'ए-आय' ही जोडीही एके काळीं लांबट उच्चाराची होती. उच्चार आंखडला, अक्षरें राहिलीं. त्यांत पंडितांनीं आपली भर घातली. कर्ज या अर्थाचा 'डेट' हा शब्द फ्रेंचांतून आला तेव्हां त्यांत 'बी' नव्हता. मूळ लॅटिन आहे हें दाखविण्याच्या हौसेनें तो मागाहून घुसडण्यांत आला. 'आयलंड' मधील 'एस' तर निव्वळ गैरसमजानें शिरला. 'वुड' आणि 'शुड' यांतील 'एल' वंशपरंपरेचा आहे, कारण त्यांचे जनक 'विल' आणि 'शॅल' यांत तो स्पष्ट ऐकूं येतो; 'कुड' नें मात्र या दोघांच्या संगतीनें तो उसना घेतला.

हा सारा इतिहास सहा वर्षांच्या मुलापुढें मांडावयाचा नाहीं. तो मोठ्यांनीं जाणून घेतला कीं त्यांच्या आवाजांतील चीड कमी होते, आणि एवढा लाभही थोडा नव्हे. परंतु एखादी गोष्ट मुलालाही सांगण्यासारखी असते. दोन या अर्थाच्या 'टू' मध्यें 'डब्ल्यू' मुका कां? कारण त्याचीं भावंडें 'ट्वेल्व्ह', 'ट्वाइस' आणि 'ट्विन' हीं बोलतात, आणि या सर्वांत दोनाचाच अर्थ आहे. जुळ्या भावंडांची ही गोष्ट ऐकलेलें मूल तो 'डब्ल्यू' सहसा विसरत नाहीं.

मराठीही या बाबतींत अगदीं सोंवळी नाहीं. 'जग' हीं दोन अक्षरें विश्व या अर्थीं एका तऱ्हेनें उच्चारलीं जातात आणि जिवंत राहा या अर्थीं दुसऱ्या. 'चार आंबे' मधला 'च' निराळा आणि 'गाईचा चारा' मधला निराळा. 'सिंह' लिहावयाचें आणि 'सिंव्ह' म्हणावयाचें. इतकें असूनही मराठी मूल याविषयीं तक्रार करीत नाहीं. तें अडखळतें, क्षणभर थांबतें, आणि बरोबर उच्चार करून पुढें जातें. याचें कारण, शब्द त्याच्या कानांत आधींच नांदत असतो. अक्षरांनीं अर्धी वाट दाखविली कीं उरलेली वाट कान चालून जातो. इंग्रजींत नेमका हा कानाचा आधार मराठी घरांतील मुलाला नसतो. 'सेड' हा शब्द त्यानें बोलण्यांत क्वचितच ऐकलेला असतो. त्याचा अर्थ त्याला ठाऊक नसतो. आणि अशा अनोळखी शब्दाची चार बेइमान अक्षरें त्यानें पाठ करावींत अशी अपेक्षा केली जाते. जो शब्द मुलाच्या तोंडीं रुळलेला नाहीं तो पत्त्यावर घेऊंच नये, हें पथ्य म्हणूनच सर्वांत आधीं पाळावयाचें आहे. काऊ-चिऊची गोष्ट चार दिवस अर्धी इंग्रजींत सांगावी. कावळा काय म्हणाला, चिमणी काय म्हणाली, अशा प्रत्येक ठिकाणीं 'सेड' येतो. कान तयार झाला कीं मग डोळ्याचें काम.

शब्दांचे पत्ते दाखवून वाचावयास शिकविण्याची कल्पना नवी नव्हे. फॅव्हेल ली मॉर्टिमर या इंग्रज लेखिकेनें १८३४ मध्यें 'रीडिंग डिसएंटँगल्ड' या नांवाचा असा एक संच काढला होता. पुढें १९३६ मध्यें अमेरिकेंत एडवर्ड डॉल्च यांनीं मुलांच्या पुस्तकांत पुन्हां पुन्हां येणाऱ्या २२० शब्दांची यादी प्रसिद्ध केली. आज बाजारांत 'फ्लॅश कार्ड' म्हणून जे संच मिळतात त्यांतील पुष्कळांच्या मुळाशीं ही यादी असते. यादी उपयुक्त आहे यांत शंका नाहीं. घोटाळा झाला तो तिच्या वापरांत. शब्द हें एक चित्र आहे, तें झर्रकन् दाखवावें, मुलानें पाहावें आणि म्हणावें, अशी पद्धत त्या काळांत अमेरिकेंतील शाळांतून रूढ झाली. अक्षरांचे ध्वनि शिकविण्याची गरज फारशी मानली जाईना. रुडॉल्फ फ्लेश यांनीं १९५५ मध्यें या पद्धतीवर कडाडून हल्ला केला आणि तेव्हांपासून हा वाद तिकडे धुमसत राहिला.

आज या प्रश्नाचें बरेंच स्पष्ट उत्तर हातीं आहे. लिनिया एहरी या अमेरिकन संशोधिकेच्या दीर्घकालीन कामावरून असें दिसतें कीं, शब्द ध्यानांत राहतो तो चित्र म्हणून नव्हे. उच्चारांतील एकेक ध्वनि आणि त्याच्यासाठीं लिहिलेलें अक्षर यांची गांठ मनांत बसते आणि त्या गांठींमुळें शब्द टिकतो. एक साधा पुरावा कोणालाही पाहतां येईल. सरावलेला वाचक एखादा शब्द मोठ्या लिपींत, लहान लिपींत, वळणदार हस्ताक्षरांत किंवा वांकड्यातिकड्या पाटीवर असला तरी सारख्याच सहजपणें ओळखतो. शब्द जर चित्र असता तर चित्र बदलल्याबरोबर ओळख मोडली असती.

येथेंच आडमुठ्या शब्दांच्या शिकवणुकीची किल्ली आहे. 'सेड' मध्यें ध्वनि तीन आहेत : स, ए आणि ड. पहिला 'एस' प्रामाणिक आहे, शेवटचा 'डी' प्रामाणिक आहे. वांकडेपणा केवळ मधल्या जोडीचा. म्हणजे मुलानें ध्यानांत ठेवावयाची गांठ चार अक्षरांची नसून एकच आहे. 'वॉज' मध्यें पहिलें अक्षर सरळ, पुढचीं दोन वांकडीं. 'फ्रेंड' मध्यें पांच ध्वनींपैकीं चार अगदीं नेमके, आणि 'आय' तेवढा आगंतुक. संपूर्ण आडमुठा असा शब्द शोधूं गेलें तर 'वन' सारखा एखादाच सांपडतो. इंग्लंडच्या शालेय अभ्यासक्रमांत २०१४ पासून अशा शब्दांना अपवादी शब्द म्हटलें आहे, आणि त्यांतील विसंगति शब्दाच्या नेमक्या कोणत्या जागीं आहे तें मुलाच्या लक्षांत आणून द्यावें अशी अपेक्षा त्यांत ठेवली आहे. 'पाठ कर' आणि 'यांतलें कोणतें अक्षर खोडकर आहे तें शोध' या दोन आज्ञांत मुलाच्या दृष्टीनें जमीन-अस्मानाचें अंतर आहे.

पत्त्यावर कोणते शब्द घ्यावे? दुकानांतून आणलेला संच उघडला तर त्यांत 'अँड', 'इट', 'कॅन', 'बिग' असे शब्द आढळतात. हे अगदीं गुणी शब्द आहेत. अक्षरांचे ध्वनि येत असले कीं ते आपोआप वाचतां येतात, आणि त्यांना पत्त्यांत बसविणें म्हणजे चालत्या मुलाला कडेवर घेणें होय. ते बाजूस काढावे. दुसरे कांहीं शब्द आडमुठे दिसतात पण त्यांना एक लहानसा नियम असतो. 'हॅव', 'गिव्ह', 'लिव्ह' यांच्या शेवटीं मुका 'ई' आहे, कारण इंग्रजी शब्द सहसा 'व्ही' वर संपत नाहीं. पाठीशीं कोणीतरी उभें करावें लागतें. हा नियम एकदां सांगितला कीं तीन शब्दांचे तीन पत्ते वांचतात. उरले ते खरे आडमुठे : 'द', 'ऑव्ह', 'वॉज', 'सेड', 'आर', 'वन', 'टू', 'हू', 'कम', 'सम', 'दे', 'देअर', 'व्हॉट', 'यू', 'कुड' आणि त्यांची मंडळी. पहिल्या वर्षासाठीं इंग्लंडच्या यादींतही हे पन्नासाच्या आंतच आहेत. एवढे शब्द वर्षभरांत येणें हें कोणत्याही मुलाच्या आवांक्यांतलें आहे.

मराठी मुलाच्या चुका मात्र इंग्रज मुलाच्या चुकांहून निराळ्या असतात, आणि विलायती पुस्तकांत त्यांच्याविषयीं कांहीं सांपडत नाहीं. मराठी मुलानें पहिलें रोमन लिखाण शिकलेलें असतें तें स्वतःच्या नांवाचें. 'कमल' हें नांव के-ए-एम-ए-एल असें लिहितात. अर्थात् 'कम' हा शब्द के-ए-एम असाच असला पाहिजे असा निष्कर्ष कमल काढते. 'सम' एस-ए-एम, 'वन' व्ही-ए-एन. वहींत शिक्षिका लाल फुली मारते, आणि घरीं धडधडीत साधा शब्द चुकल्याबद्दल बोलणीं बसतात. परंतु जरा विचार केला तर या चुकींत अज्ञानापेक्षां बुद्धीच अधिक दिसते. रोमन अक्षरांत मराठी कसें लिहावें याचा नियम त्या मुलीनें कोणी न शिकवितां ओळखला आणि तो शिस्तीनें लावला. अशा वेळीं 'चूक' एवढाच शेरा मारल्यानें तिच्या तर्कावरचा तिचाच विश्वास उडतो. "मराठी नांवासाठीं तुझा हिशेब बरोबर आहे; इंग्रज लोक मात्र येथें 'ओ' लिहितात," असें म्हटलें तर दोन्हीं गोष्टी साधतात.

या 'ओ' चीही एक गंमत आहे. हस्तलिखितांच्या काळांत 'यू', 'एम', 'एन', 'व्ही' हीं सारीं अक्षरें उभ्या दांड्यांचीं असत. तीं शेजारीं आलीं कीं कोणती दांडी कोणाची हें कळत नसे. म्हणून लेखनिकांनीं अशा शेजारांत 'यू' ऐवजीं 'ओ' लिहावयास सुरुवात केली, असा खुलासा सामान्यतः केला जातो. 'कम', 'सम', मुलगा या अर्थाचा 'सन' आणि 'लव्ह' हीं सारीं त्या एका गल्लींतलीं घरें आहेत. त्यांचे पत्ते एकत्र द्यावे. एकाचा स्वभाव कळला कीं दुसऱ्याचा कळावयास वेळ लागत नाहीं. 'कुड', 'वुड', 'शुड' हें असेंच दुसरें बिऱ्हाड.

आतां पत्ते करण्याविषयीं. विकतच्या गुळगुळीत पत्त्यांपेक्षां घरीं केलेले बरे, आणि त्यासाठीं घरांत येणाऱ्या लग्नपत्रिकांच्या कोऱ्या पाठीसारखा जाड कागद दुसरा नाहीं. पोस्टकार्डाच्या निम्म्या आकाराचे तुकडे कापावे. शब्द लहान लिपींत, काळ्या शाईनें, ठळक लिहावा. पुस्तकांत तो तसाच भेटणार असतो. पाठीमागें तो शब्द घालून एक लहानसें वाक्य लिहावें. चित्र काढूं नये. 'सेड' किंवा 'ऑव्ह' यांचें चित्र मुळीं निघतच नाहीं. आणि जेथें निघतें तेथें मूल चित्र वाचतें, अक्षरांकडे त्याची नजर फिरकत नाहीं. शब्दाखालीं देवनागरींत उच्चार लिहिण्याची संवय पुष्कळ घरांत आहे. तीही याच कारणासाठीं सोडावी. ओळखीचें माणूस शेजारीं उभें असतांना परक्याशीं बोलावयास कोण जातो? देवनागरी दिसली कीं डोळा तिकडेच वळतो आणि इंग्रजी अक्षरें न पाहिलेलींच राहतात.

नवा शब्द प्रथम दाखवूं नये, ऐकवावा. मुलाच्या हातीं मूठभर चिंचोके द्यावे आणि शब्दांत जितके ध्वनि ऐकूं येतील तितके चिंचोके मांडावयास सांगावें. 'सेड' साठीं तीन मांडले जातील. मग पत्ता दाखवून कोणतें अक्षर कोणत्या चिंचोक्याचें तें मुलानें ठरवावें. 'एस' पहिल्याचा, 'डी' तिसऱ्याचा. आणि मधल्या एका चिंचोक्यावर 'ए' आणि 'आय' दोघे दाटीवाटीनें बसलेले आहेत हें त्याला स्वतःलाच दिसतें. त्या दोघांखालीं मुलानें आपल्या हातानें तांबडी रेघ ओढावी. ही रेघ आईनें आधींच ओढून ठेवली तर पत्ता सुंदर दिसतो, पण शोध लावण्याचा आनंद आणि त्याबरोबर होणारें शिक्षण, दोन्हीं आईच्याच वांट्याला येतात.

एका दिवशीं नवे शब्द दोनच घ्यावे. फार तर तीन. त्यांच्याबरोबर पांच-सहा येणारे शब्द मिसळावे, म्हणजे डाव जिंकल्यासारखा वाटतो. पत्ता दाखविल्यावर तीनेक सेकंद थांबावें. उत्तर आलें नाहीं किंवा चुकलें, तर कपाळाला आठी न घालतां शब्द सांगून टाकावा, मुलाकडून म्हणवून घ्यावा, आणि तो पत्ता दोन पत्त्यांनंतर पुन्हां यावा अशा बेतानें गड्डींत खुपसावा. अंदाज करावयास लावूं नये. "आठव ना, काल सांगितलें होतें," हें वाक्य आजवर कोणाच्या स्मरणशक्तीला उपयोगी पडलेलें नाहीं. सारा कार्यक्रम पांच-सात मिनिटांचा असावा आणि मुलाला आणखी एक डाव हवा असतांनाच आवरावा. दिवेलागणीला शुभंकरोति झाल्यावर पाढे म्हणण्याची जी जुनी वेळ होती ती या कामाला अजूनही चांगली आहे.

प्रत्येक शब्दाचे दोन-दोन पत्ते केले तर भिकार-सावकारही खेळतां येतो. पत्ते पालथे धरून एकेक उलगडावयाचा. आधींच्याच शब्दाचा जोडीदार पडला कीं जो तो शब्द प्रथम बरोबर वाचील त्यानें ढीग उचलावयाचा. आजोबांनीं या खेळांत अधूनमधून हरण्याची तयारी ठेवावी.

खरा प्रश्न शब्द येण्याचा नसून टिकण्याचा आहे. हर्मान एबिंगहाउस या जर्मन शास्त्रज्ञानें १८८५ मध्यें स्वतःवरच प्रयोग करून दाखविलें कीं पाठ केलेलें आरंभीं झपाट्यानें विसरलें जातें, आणि पुढें विसरण्याचा वेग मंदावतो. रविवारीं तासभर बसवून घोकून घेण्यापेक्षां आज पांच मिनिटें, उद्यां पांच मिनिटें, मग तीन दिवसांनीं आणि मग आठवड्यानें असा सराव अधिक फळतो. त्याची व्यवस्था ठेवण्याची एक सोपी युक्ति सेबास्टियान लाइटनर यांनीं १९७२ मध्यें जर्मनींत प्रसिद्ध केली. घरांत तिच्यासाठीं बिस्किटांचे तीन रिकामे डबे पुरतात. पहिल्या डब्यांतील पत्ते रोज पाहावयाचे, दुसऱ्यांतील दोन-तीन दिवसांनीं, तिसऱ्यांतील आठवड्यानें. शब्द बरोबर वाचला कीं पत्ता पुढच्या डब्यांत चढतो. चुकला कीं परत पहिल्यांत येतो. पत्ता डब्यांत टाकण्याचें काम मुलाकडे असावें. चुकलेला पत्ता मागें जातो तेव्हां 'मी चुकलों' असें न वाटतां 'हा पत्ता अजून घोड्यावर बसलेला नाहीं' असें मुलाला वाटतें, आणि हा भेद लहान नाहीं.

शब्द वाचतां आला म्हणजे लिहितां येतोच असें नव्हे. पुष्कळ पालकांची निराशा होते ती येथें. वाचतांना अक्षरें समोर असतात, लिहितांना तीं आंतून बाहेर काढावीं लागतात. यासाठीं पत्ता पाहावा, तो पालथा घालावा, शब्द आठवून लिहावा आणि मग उलटून ताडून पाहावा. पाहून दहा वेळां लिहिण्यापेक्षां न पाहतां दोनदां लिहिणें अधिक उपयोगी पडतें, कारण आठविण्याचे श्रम स्मरणाला बळकटी आणतात. 'एस-ए-आय-डी सेड' ही शाळेंतील लकेर अगदींच टाकाऊ नाहीं. अक्षरांचा क्रम बसावयास ती मदत करते. मात्र चिंचोक्यांचें काम झाल्यावर तिची पाळी यावी. मोठ्या शब्दांसाठीं मुलें आपण होऊन आणखी एक क्लृप्ति काढतात : 'वेनझ्डे' ला मनांतल्या मनांत 'वेड-नेस-डे' म्हणावयाचें, 'फ्रेंड' ला 'फ्राय-एंड'. ही हंसण्याची गोष्ट नव्हे. मुकीं अक्षरें लिहिण्यापुरतीं बोलकीं करण्याचा तो शहाणा मार्ग आहे.

एक खबरदारी घ्यावी. एकमेकांसारखे दिसणारे किंवा ऐकूं येणारे शब्द एकाच दिवशीं शिकवूं नयेत. 'वॉज' आणि 'सॉ' यांत तींच तीन अक्षरें उलटीं आहेत. 'ऑव्ह' आणि 'ऑफ' यांत एका अक्षराचा फरक. 'देअर' तर दोन निराळ्या अर्थांनीं दोन तऱ्हांनीं लिहिला जातो. जोडीनें शिकविले कीं ते जन्मभर जोडीनें घोटाळतात. एक पक्का होऊन तिसऱ्या डब्यांत गेला कीं मगच दुसरा काढावा.

हे पत्ते अक्षरांचे ध्वनि येऊं लागलेल्या मुलासाठीं आहेत. पाळण्यांतल्या मुलासाठीं नव्हेत. ग्लेन डोमन यांच्या १९६४ मधील पुस्तकापासून तान्ह्या मुलांना पत्ते दाखवून वाचावयास शिकवितां येतें असा समज जगभर पसरला आणि शहरांतील हौशी घरांत तो अजूनही भेटतो. सुसान न्यूमन व त्यांच्या सहकाऱ्यांनीं २०१४ मध्यें प्रसिद्ध केलेल्या अभ्यासांत ९ ते १८ महिन्यांच्या मुलांना सात महिने असें साहित्य दाखविण्यांत आलें. मुलें वाचावयास शिकलीं याचा पुरावा कांहीं मिळाला नाहीं. आईबापांची मात्र तीं शिकत असल्याबद्दल पक्की खात्री होती.

याच्या उलट टोकाला कांहीं मुलें असतात. चिंचोके मांडले, डबे फिरविले, महिनोन्महिने धीरानें सराव केला, तरी कालचा शब्द आज त्यांना पुन्हां नवा असतो. मराठींतील जोडाक्षरें आणि वेलांट्याही त्यांच्या हातून सारख्या निसटतात. आणि बोलण्यांत, समजण्यांत मात्र तीं चलाख असतात. अशा मुलाला अधिक पत्ते, अधिक वेळ आणि अधिक रागावणें यांचा उपयोग होत नाहीं. २००७ मधील 'तारे जमीं पर' या चित्रपटामुळें डिस्लेक्सिया हा शब्द घरोघर पोहोंचला, तरी तो आपल्याच मुलाला लागू असेल ही शंका घ्यावयास पालक फार उशीर लावतात. दोन्हीं भाषांत अडचण सारखीच दिसत असेल तर शाळेंतील शिक्षकांशीं बोलून तज्ज्ञाकडून तपासणी करून घेणें हेंच योग्य. आळशी या शब्दानें त्या मुलाचें जें नुकसान होतें तें कोणत्याही स्पेलिंगानें होणार नाहीं.

इतर मुलांच्या बाबतींत पत्त्यांचें आयुष्य थोडेंच असावें. तिसऱ्या डब्यांत पोहोंचलेला शब्द पुस्तकांत वाक्याच्या मध्यें भेटला आणि मूल तेथें न अडखळतां पुढें वाचीत गेलें, कीं त्या पत्त्याचें काम संपलें. तो जपून ठेवूं नये. मुलाच्या हातानें तो फाडून टोपलींत टाकूं द्यावा, हा समारंभ मुलांना फार आवडतो, आणि एकदोन पत्ते असे फाडावयास मिळाले कीं "आज कोणता फाडावयाचा?" असें विचारीत तीं स्वतःच डबे घेऊन येतात.